संहितेविना उभे राहणारे पुराण
दशावतारी कलावंत एका रात्रीत राजे, राक्षस आणि नागकन्या कसे घडवितात?

सिंधुदुर्ग - कार्तिक महिना उजाडला की मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी या तालुक्यांतील ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू होतात. पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर रात्री उशिरा देवळाच्या आवारात दशावताराचा खेळ उभा राहतो आणि पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत रंगतो. मालवणी बोलीत याच खेळाला 'धयकालो' म्हणतात. सुबोध खानोलकर दिग्दर्शित आणि दिलीप प्रभावळकर यांची प्रमुख भूमिका असलेल्या 'दशावतार' या २०२५ मधील चित्रपटामुळे शहरी प्रेक्षकांचे लक्ष या कलेकडे पुन्हा वेधले गेले. मात्र या नाटकाला लिखित संहिता नसते, ही गोष्ट अनेकांना आजही ठाऊक नाही.

नाव दशावतार असले तरी दहाही अवतार रंगभूमीवर येतातच असे नाही. खेळाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती आणि ब्रह्मदेव येतात. वेद पळविणारा संकासुर येतो आणि विष्णू त्याचा वध करतो. हा भाग ठरलेला असतो. तरीही काळ्या वेशातला संकासुर मालवणीत बोलू लागला की गावातल्या ताज्या घडामोडीही त्याच्या तोंडी येतात. उत्तररंगात मुख्य आख्यान सादर होते आणि कलावंतांच्या प्रतिभेची खरी कसोटी तेथेच लागते.

पात्र कसे घडते?

कोणते आख्यान करायचे, हे बहुधा त्याच दिवशी ठरते. कलावंत स्वतःच्या हाताने रंगभूषा करीत असतानाच मंडळातील जाणता माणूस कथेचा सांगाडा सांगतो. कोणाचा प्रवेश कोणानंतर, कोणाचे कोणाशी वैर, वध कोणाच्या हातून, एवढेच त्यात असते. संवाद ज्याने त्याने रंगमंचावर उभे राहून रचायचे.

हे शक्य होते, कारण पात्रांचे साचे पक्के असतात. राजपार्ट, स्त्रीपार्ट, राक्षसपार्ट, नारद आणि विनोदी पात्र अशी ही विभागणी आहे. आलेले पात्र प्रथम आपले नाव, कुळ आणि हेतू सांगते. ही केवळ प्रेक्षकांसाठी केलेली ओळख नव्हे. समोरच्या नटालाही त्यातूनच पुढचा धागा मिळतो. एखाद्या राक्षसाने आपल्याला शंकराचा वर असल्याचे सांगितले, तर त्या क्षणापासून ते सर्वांसाठी सत्य ठरते. पुढे येणाऱ्या राजाला ते खोडता येत नाही. त्या वरातील पळवाट शोधूनच त्याला राक्षसावर मात करावी लागते. वर, शाप, वचन आणि प्रतिज्ञा ही कथा पुढे नेणारी हत्यारे होत.

आख्याने केवळ रामायण-महाभारतातीलच असतात असेही नाही. पुराणात कोठेही न आढळणारे राजे, यक्ष, नागकन्या कल्पून रचलेली आख्याने आज मोठ्या प्रमाणावर होतात. पात्र नवे असले तरी त्याचे वागणे पुराणाच्या चौकटीत बसावे लागते. पतिव्रतेचा छळ झाला तर त्याची शिक्षा झालीच पाहिजे आणि शेवटी धर्माचा विजय व्हायलाच हवा. ही चौकट प्रेक्षकांनाही ठाऊक असते. त्यामुळे चुकीचा संदर्भ देणाऱ्या नटाला जत्रेत माफी नसते.

संवाद अडखळले तर पेटी आणि पखवाज मदतीला येतात. नाईक किंवा हरदास पद उचलून धरतो, तेवढ्यात नटाला विचार करण्यास अवधी मिळतो. स्वतःच बोलत राहून सहकाऱ्याला वाव न देणारा नट कितीही देखणा असला तरी खेळ पाडतो.

परंपरा आणि पेच

समर्थ रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, त्यामागेही कर्नाटकातून आलेल्या अशाच पौराणिक खेळांची प्रेरणा होती. मराठी नाटकाने पुढे छापील संहिता स्वीकारली. दशावताराने मौखिक परंपरा सोडली नाही.

आता मात्र पेच निर्माण झाला आहे. 'ट्रिकसीन'च्या प्रयोगांना गर्दी होते, पण यंत्र, धूर आणि प्रकाश यांच्या वेळा सांभाळायच्या तर संवादही बांधून घ्यावे लागतात. शहरातील नाट्यगृहात रात्रभराचा खेळ दोन-तीन तासांत आटोपावा लागतो. उत्पन्न हंगामी असते. 'रात्रीचो राजा, सकाळी डोक्यार बोजा' ही म्हण त्यातूनच आली. २०२० मधील टाळेबंदीत जत्रांवर निर्बंध आले, तेव्हा हा आधारही तुटला होता.

दशावताराचे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. लहानसहान भूमिका करीत, विंगेतून ज्येष्ठांचे ऐकतच नवा नट पुराण आणि हजरजबाबीपणा शिकतो. खेळाचे चित्रीकरण करून एका रात्रीचे संवाद जपून ठेवता येतील. परंतु समोरच्याचे वाक्य ऐकून क्षणात नवे पुराण रचण्याची हातोटी जपायची, तर ज्येष्ठांबरोबर रात्रभर उभे राहणारे नवे नट मंडळांना मिळत राहायला हवेत.