तीनशे गुणांचा बटरफ्लाय

पुण्यात बालेवाडीला खेटून असलेल्या म्हाळुंग्यात १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभं राहिलं. करमाळ्याचा पॅरा जलतरणपटू सुयश जाधव याचा सराव इथल्याच तलावात झाला. शाळकरी वयात विजेच्या धक्क्यानं त्याचे दोन्ही हात कोपराखाली गेले. पोहणं त्याला वडिलांनी शिकवलं होतं. २०१८मध्ये जकार्ताच्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्णपदक जिंकलं, एस-७ वर्गात. पंजे नसताना बटरफ्लाय पोहायचा कसा, हे समजायला आधी हा 'एस-७' उलगडावा लागतो.

बटरफ्लाय, फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोक या तिन्हींचे वर्ग 'एस' अक्षरानं सुरू होतात. एस-१ ते एस-१० शारीरिक दिव्यांगत्वासाठी असतात. आकडा जितका लहान, तितकी मर्यादा मोठी. वर्ग ठरवताना आधी टेबलावर तपासणी होते: स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, अवयवांची लांबी. मग खेळाडूला पाण्यात उतरवून पाहतात आणि शेवटी प्रत्यक्ष शर्यतीत.

सगळी बेरीज ३०० गुणांची. हातांना १३०, पायांना १००, धडाला ५०, सुरुवातीच्या उडीला १० आणि वळणाला १०. ज्याची बेरीज १९१ ते २१५ मध्ये बसते, तो एस-७. म्हणून या वर्गाच्या एकाच शर्यतीत एका लेनमध्ये पंजे नसलेला पण पायांनी दणकट जलतरणपटू असतो, तर शेजारी अर्ध्या अंगात अशक्तपणा असलेला. कमतरता निराळ्या, पण पाणी कापायची उरलेली ताकद साधारण सारखी. भारताचे जलतरणपटू मुरलीकांत पेटकर यांनी १९७२मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत सुवर्ण मिळवलं, तेव्हा वर्ग मुख्यतः वैद्यकीय निदानावर ठरत. क्षमतेचा असा हिशेब पुढे आला.

आता पाण्यात उतरू. बटरफ्लायमध्ये छातीपासून सुरू झालेली लाट कमरेतून पायांपर्यंत जाते. हातांच्या एका फेरीत पायांचे दोन फटके बसतात: पहिला फटका हात पाण्यात शिरताना, दुसरा ते बाहेर निघताना. एरवी पंजा आणि कोपरापुढचा हात मिळून पाण्याची मोठी पकड घेतात. तो भाग नसेल तर प्रत्येक फेरीत पाणी कमी ढकललं जातं, आणि श्वासासाठी डोकं वर काढताना हातांचा आधारही तोकडा पडतो. भरपाई दोन ठिकाणांहून होते. आखूड हात लवकर फिरतो, म्हणून फेऱ्यांचा वेग वाढवता येतो. बाकीचा भार धड आणि पाय उचलतात. यासाठीच पोट, कंबर आणि मांड्यांच्या व्यायामाला सरावात मोठा वाटा द्यावा लागतो. कृत्रिम हातपाय लावून पोहायला परवानगी नाही.

नियमांचा गाभा सर्वांना सारखाच: दोन्ही हात एकाच वेळी पाण्यावरून पुढे, दोन्ही पायांचा फटका एकत्र, उडीनंतर १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर आणि शेवटी दोन्ही हातांचा भिंतीला एकदम स्पर्श. सवलत तेवढीच, जेवढी शरीराला लागते. एकच हात चालत असेल तर एकाच हाताचा स्पर्श पुरतो. हात डोक्यापुढे पोचतच नसतील तर डोकं किंवा वरच्या अंगाचा कोणताही भाग टेकवता येतो. उडी मारणं जमत नसेल तर पाण्यातून सुरुवात करता येते. कोणाला कोणती सूट आहे, हे वर्गीकरणाच्या वेळीच नोंदवून पंचांना कळवलेलं असतं. त्यापलीकडची चूक झाली, तर बाद.

या हिशेबाचं टोक पाहायचं तर चीनचा झेंग ताओ पाहावा. त्याला दोन्ही हात नाहीत. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर बटरफ्लायच्या एस-५ वर्गाचं सुवर्ण त्यानं जिंकलं. म्हणजे ३०० पैकी हातांच्या रकान्यात जवळजवळ काहीच नसताना, उरलेल्या रकान्यांवर माणूस किती वेग काढू शकतो, तेच ही शर्यत मोजते.