मिटलेला तंटा आणि सीपीआरचं रजिस्टर

या लेखमालेत या आठवड्यात भिवंडीला जायचं ठरलं होतं. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या मोहल्ला समित्या, १९८४ ची दंगल, १९९२-९३ च्या दंगलींत शांत राहिलेलं ते शहर, सगळं टिपून ठेवलं होतं. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलं आणि भिवंडी आठवडाभर पुढं गेली. गुरुजी विचारतात, ‘आमच्या गावाला तंटामुक्तीचं बक्षीस मिळालं. पण भांडणं खरंच कमी झाली का, हे कशावरून ओळखायचं?’

या लेखमालेचं सगळं दुखणं या एका प्रश्नात आहे.

गावातले तंटे गावातच मिटवायची महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. आर. आर. पाटील, म्हणजे आबा, तेव्हा राज्याचे गृहमंत्री होते. त्याआधी ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान उभं केलं होतं आणि गुण द्यायचे, गावं तपासायची, बक्षीस द्यायचं ही घडी तिथंच बसली होती. स्वच्छतेला ती चपखल बसते. तपासणीला आलेला माणूस गटार बघतो, हागणदारी बघतो, डोळ्यांनी खात्री करतो. तंट्याचं तसं नाही. न झालेली मारामारी दाखवायची कुठं? मग तपासणीला समोर येते ती नोंदवही. दिवाणी किती, महसुली किती, फौजदारी किती, त्यांतले मिटले किती. गुण दोनशेपैकी.

मोहिमेबद्दल मला मनापासून आदर आहे. बांधावरून दोन पिढ्या कोर्टात घातलेल्या भावकीनं चावडीत बसून पाणंद मोकळी करून दिलेली मी पाहिली आहे. उसाच्या पाण्याच्या पाळीवरून उचललेली कुऱ्हाड खाली ठेवायला लावणारा पोलीस पाटील मला माहीत आहे. पण वहीतला आकडा दोन कारणांनी खाली येतो: भांडण झालं नाही म्हणून, किंवा झालेलं भांडण वहीपर्यंत पोचलंच नाही म्हणून. वही या दोहोंत फरक करत नाही. आणि गुण मिळणार तंटे होऊ न देण्याला आणि मिटवण्याला. मग नवऱ्याच्या मारानं सुजलेला चेहरा घेऊन पोलीस ठाण्याकडं निघालेल्या बाईला गावाची बक्षिसाची आशा काय सांगणार? कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आला, म्हणजे मोहिमेच्या जेमतेम दहा महिने आधी. कायद्याचं म्हणणं, बाई, तक्रार कर. मोहिमेच्या पहिल्या वर्षी एखाद्या गावात अशा तक्रारी वाढल्या असत्या, तर मी तिथं बायकांना धीर आला असं धरलं असतं.

शेजारच्या गावाशी ताडून बघावं, तर तेही अवघड. मोहीम राज्यभर एकदमच सुरू झाली. तुलनेला मुद्दाम बाजूला ठेवलेली गावंच नाहीत. शिवाय ज्या वर्षी भावकी पेटते त्याच वर्षी गावाची तंटामुक्ती समिती कंबर कसते, आणि पुढच्या वर्षी थोडी शांतता तशीही येतेच. ताप उतरला की शेवटच्या गोळीला श्रेय मिळतं, तसंच हे.

म्हणून गुरुजी, दुसरं रजिस्टर शोधा. ज्याला बक्षिसाशी काही देणंघेणं नाही, असं.

असं रजिस्टर सापडलं ते वेल्समधल्या कार्डिफ शहरात. तिथं जोनाथन शेफर्ड नावाचे जबड्याचे सर्जन होते. फुटलेले जबडे शिवता शिवता त्यांच्या लक्षात आलं की, यातल्या कितीतरी मारामाऱ्या पोलिसांकडं नोंदल्याच जात नाहीत. मग इस्पितळात विचारायला सुरुवात झाली: मार कुठं बसला, केव्हा, कशानं. नावं काढून टाकलेली ती माहिती पोलिसांना आणि नगरपालिकेला जाऊ लागली. २०११ मध्ये या प्रयोगाचा निकाल छापून आला. मारहाणीनं इस्पितळात भरती होणारी माणसं कार्डिफमध्ये लाखामागं महिन्याला सातावरून पाचावर आली. तुलनेला घेतलेल्या तशाच शहरांत पाचावरून आठावर गेली. आणि पोलिसांकडच्या किरकोळ मारहाणीच्या नोंदी? कार्डिफमध्ये त्या वाढल्या. नुसत्या या नोंदी बघणाऱ्यानं हा प्रयोग फसला असंच लिहिलं असतं.

आपल्याकडंही असं रजिस्टर आहे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात डोक्याला टाके घालायला आलेल्या माणसाची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, होते, आवारातल्या पोलीस चौकीला कळवलं जातं, गावाचं नाव लिहिलं जातं. गावात तंटा मिटला असेल, पण टाके तर घालावेच लागतात. फक्त एवढं ध्यानात ठेवा, ‘पाय घसरून पडले’ असं सांगणारी बाई या रजिस्टरातही सापडत नाही. तिच्यासाठी गावातल्या आशा सेविकेला विचारावं लागेल, तेही एकटीला गाठून, समितीच्या बैठकीत नाही.

गुरुजी, मोहिमेच्या आधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन, एवढे आकडे गावाच्या नावानं मागून बघा. नुसते आकडे, माणसांची नावं नकोत. मिळाले तर मला कळवा. भिवंडी तोवर थांबेल.