धुऊन वापरायचा मास्क: कापडाइतकीच फटही महत्त्वाची

मास्कचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कापड कोणतं? २०२० च्या एप्रिलमध्ये आम्ही मास्क शिवायला बसलो, तेव्हा आमच्याही डोक्यात तेवढंच होतं. चांगलं दाट सुती कापड मिळवलं, तीन थर दिले, मास्क लावला. दोन मिनिटांत चष्म्यावर वाफ! आज तिथूनच सुरुवात करू.

हवा सोपी वाट धरते. नाकाशेजारी फट असली तर श्वास कापडातून कशाला जाईल? कापड जितकं दाट, तितका तो फटीकडे जास्त वळतो. चहा ओतताना गाळणी सरकली की चोथा कपात येतो, तसंच हे. म्हणून आम्ही आधी बेतणी बदलली. नाकावर वाकवता येणारी ॲल्युमिनियमची पट्टी घातली, हनुवटीखाली कापड वाढवलं, आणि कानातल्या इलॅस्टिकऐवजी डोक्यामागे बांधायचे बंद दिले.

दुसरा धडा पहिल्याच धुण्यात मिळाला. कोरं सुती कापड आटतं. नीट बसलेला मास्क धुतल्यावर तोकडा झाला आणि फट परत आली. तेव्हापासून कापड आधी धुऊन, वाळवूनच कापायचं.

आता गाळण कशी होते ते पाहू. मास्क म्हणजे नुसती चाळणी नव्हे. मोठे कण धाग्यांवर आदळून अडकतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि धाग्याला चिकटतात. निसटतात ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे. एन-९५ मास्कने अशा कणांपैकी किमान ९५ टक्के अडवावे लागतात. त्याला मदत होते ती धाग्यांवरच्या स्थिर विद्युतभाराची. तोच मास्क साबणाने धुतला तर? भार कमी होतो. मास्क दिसतो स्वच्छ, पण गाळण घटलेली असते, आणि लावणारा मात्र निर्धास्त! आम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याचीच.

मग धुण्याजोगा मास्क करायचा कसा? जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये कापडी मास्कसाठी तीन थर सुचवले: आत ओल शोषणारं सुती कापड, मध्ये न विणलेलं पॉलीप्रॉपिलीन, बाहेर ओल न धरणारं पॉलिस्टरसारखं कापड. आम्ही मधल्या थरासाठी खिसा ठेवला. धुताना तो थर काढता येतो, खराब झाला की बदलता येतो. नाकातोंडासमोर उभी शिवण टाळली, कारण सुईचं प्रत्येक भोक ही नवी वाट असते. झडपही लावली नाही. साध्या झडपेतून बाहेर पडणारा श्वास गाळलाच जात नाही, म्हणजे समोरच्याचं रक्षण होत नाही.

तरीही एक लक्षात ठेवा, हा मास्क एन-९५ ची जागा घेत नाही. रुग्णाजवळ काम करणाऱ्यांच्या हाती तो एन-९५ म्हणून देऊ नये.

घरी एवढं नक्की करा. धुतलेला मास्क उजेडासमोर धरा, विरलेली जागा दिसेल. मग लावून जोरात श्वास सोडा आणि कडेने हात फिरवा. हाताला वारा लागला, तर कापड कितीही भारी असो, मास्क पुन्हा बेतावा लागेल.

आता प्रश्न घेऊ.