तारीख वैध, पण बरोबर?

धाराशिव जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत होता आणि तिथल्या महसुली कागदांवर फसली सन लिहीत. फसली सनात 590 मिळवले की तो सुरू झाला तेव्हाचे इसवी साल मिळते. म्हणजे 1357 फसली हे 1947-48. अशा नोंदींची फाइल संगणकात भरताना मजकुराची तारीख करावी लागते. त्यात खरा धोका संगणक नाकारतो त्या तारखांचा नाही, मुकाट्याने स्वीकारतो त्यांचा आहे. एक्सेलची तारीख 1900 पासून सुरू होते, म्हणून 1357 सालची नोंद तिथे मजकूरच राहते, रकान्यात डावीकडे चिकटलेली. निदान नजरेला तरी पडते. मायएसक्यूएल हा डेटाबेस मात्र सन 1000 पासूनच्या तारखा घेतो. तिथे 1357 खपून जाते आणि खातेदार थेट बहमनी काळात जाऊन बसतो! अमेरिकी सेटिंग असेल तर 03/04/1985 चीही तीच गत: 3 एप्रिलचा गुपचूप 4 मार्च होतो. 17/09/1948 तेवढी अडते, कारण सतरावा महिना नसतो.

मग मजकूरच राहू द्यावा? तर क्रम बिघडतो. 01/12/1990 ही 17/09/1948 च्या आधी येते. वर्ष-महिना-दिवस हा आयएसओ 8601 चा क्रम सर्वांनी पाळावा, हे नव्या नोंदींपुरते ठीक. जुना कागद तो कसा पाळणार? म्हणून मूळ मजकुराचा रकाना जसाच्या तसा ठेवावा, शेजारी सन कोणता ते लिहावे आणि रूपांतरित तारीख तिसऱ्या रकान्यात घालावी. मूळ रकाना पुसून केलेले रूपांतर नंतर तपासता येत नाही.