जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर : कडे घेण्याआधी हिशेब करा

फिल्मच्या काळापासून स्टुडिओ चालविणाऱ्यांच्या कपाटात टॅमरॉन, टोकिना किंवा व्हिविटारची एखादी लेन्स आजही पडून असते. ती कवडीमोलाने विकण्याची घाई करू नये. ॲडाप्टर, म्हणजे मध्ये बसणारे धातूचे कडे, लावून ती डिजिटल कॅमेऱ्यावर वापरता येते. मात्र कोणतेही कडे कोणत्याही कॅमेऱ्याला चालत नाही.

प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स बसते त्या जागेपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर ठरलेले असते. एम-४२ या जुन्या आट्याच्या लेन्सला हे अंतर ४५.४६ मि.मी. लागते. सोनीच्या ई-माउंट मिररलेस कॅमेऱ्यात ते १८ मि.मी. आहे. उरलेले २७.४६ मि.मी. साधे पोकळ कडे भरून काढते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये अंतर ४४ मि.मी., म्हणून तेथेही पातळ कडे चालते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये मात्र ते ४६.५ मि.मी. आहे, म्हणजे लेन्सला हवे त्यापेक्षा जास्त. तेथे साधे कडे लावल्यास जवळचे स्पष्ट येते, दूरचे अंधूक राहते. काचेचे कडे वापरल्यास दूरचे स्पष्ट होते, पण चित्राचा दर्जा बहुधा उतरतो. तेव्हा लेन्सचे अंतर कॅमेऱ्यापेक्षा जास्त असेल तरच साधे कडे घ्यावे.

टॅमरॉनच्या ‘ॲडाप्टॉल-२’ लेन्समध्ये एक सोय आहे. तिचा मागचा माउंट सुटा निघतो व दुसऱ्या कंपनीचा बसविता येतो.

साध्या कड्यातून वीज किंवा संदेश जात नाही. त्यामुळे फोकस व ॲपर्चर हाताने लावावे लागतात. मेनूमध्ये ‘लेन्सशिवाय शटर’ ही सोय चालू करावी, नाहीतर काही कॅमेरे फोटोच घेत नाहीत. तसेच लहान, म्हणजे एपीएस-सी, सेन्सरवर ५० मि.मी.ची लेन्स साधारण ७५ मि.मी.सारखी दिसते, छोट्या खोलीत ही गोष्ट अडचणीची ठरते.

लग्नसमारंभाच्या धावपळीत हाताने फोकस करण्यावर विसंबून राहू नये. निकाहाचा क्षण पुन्हा येत नाही आणि चुकलेल्या फोटोचे पैसे ग्राहक देत नाही. पण दागिने, जरीकाम, लाकडावरील नक्षी किंवा तांब्या-पितळेची भांडी यांचे फोटो तिकाटण्यावर सावकाश घ्यायचे असतात. तेथे जुनी लेन्स चांगले काम देते. आपल्या मालाचे फोटो स्वतःच काढू पाहणाऱ्या कारागिरालाही ती परवडते.

जुनी लेन्स विकत घेताना तिच्यातून टॉर्चचा उजेड पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी समजावी. आपल्या दमट किनारपट्टीवर हा दोष फार आढळतो. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नसावे. कडे बसवून लेन्स हलकेच हलवून पाहावी. ती डगडगत असेल तर कडे परत करावे. शेवटी दूरच्या इमारतीचा फोटो घेऊन तो मोठा करून पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.