मांडवीतले बार्ज कसे ओळखाल?

काल बेतीच्या फेरीबोटीत एका पर्यटक काकांनी विचारलं, "हे लोखंडी जहाज बुडतंय का हो?" म्हटलं, नाही काका, ते भरलेलं आहे!

गोव्यातल्या मांडवी नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जची ही पहिली खूण. भरलेला बार्ज इतका खाली बसतो की पाणी डेकच्या काठाला टेकलेलं दिसतं. रिकामा मात्र उंच तरंगतो आणि एरवी पाण्याखाली असणारा रंगाचा पट्टा उघडा पडतो.

दुसरी खूण दिशेची. भरलेले बार्ज मुरगाव बंदराकडे जातात, रिकामे वर खाणपट्ट्यातल्या धक्क्यांकडे.

पावसाळ्यात चित्र बदलतं. आग्वादजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात, मांडवीचं मुख धोक्याचं होतं. मग बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारी नदीत उतरतात.

2012 आणि 2018 मध्ये खाणी थांबल्या आणि नदी ओकीबोकी वाटू लागली. म्हणूनच आज भरलेला बार्ज दिसला की मला मनापासून आनंद होतो.

बार्ज, फेरीबोट, ट्रॉलर, काहीही विचारा. माहीत असेल ते नक्की सांगेन!