आपल्याच रस्त्याकडे पाहणारा चित्रकार

माकुणसारहून मालखरेदीसाठी मुंबईला निघालेला व्यापारी सफाळे किंवा केळवे रोड येथे गाडीत बसतो, तेव्हा सकाळचा कोवळा उजेड वाड्यांवर आणि खाडीच्या पाण्यावर पसरलेला असतो. वैतरणेचे पूल ओलांडले की विरार येते आणि तेथून पुढे खिडकीबाहेरचे जग बदलते. इमारतींच्या मागच्या भिंती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, रुळांलगतच्या झोपड्या, नाले, पादचारी पूल आणि त्या पुलांवरून वाहणारी गर्दी दिसू लागते. हा प्रवास वर्षानुवर्षे करणाऱ्यांच्या हे सारे इतके अंगवळणी पडलेले असते की डोळ्यांसमोर असूनही त्याकडे कोणी पाहत नाही. खिशातील यादी, उधारीचे आकडे आणि परतीच्या गाडीची वेळ यांतच मन गुंतलेले असते.

याच दृश्याकडे एक माणूस जवळजवळ पन्नास वर्षे एकाग्रतेने पाहत आला आहे. ते म्हणजे ठाण्याचे ज्येष्ठ चित्रकार डॉ. सुधीर पटवर्धन. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत माकुणसार, पालघर, बोईसर, तारापूर ही सारी गावे ठाणे जिल्ह्यातच मोडत होती. जिल्ह्याच्या कचेरीत काम निघाले की ठाणे गाठावे लागे. त्यामुळे पटवर्धनांच्या चित्रांतले ठाणे आपल्या भागातील वडीलधाऱ्या पिढीला परके वाटणार नाही.

दिवसा दवाखाना, उरलेल्या वेळी कॅनव्हास

पटवर्धन यांचा जन्म १९४९ साली पुण्यात झाला. चित्रकलेच्या कोणत्याही महाविद्यालयात ते शिकले नाहीत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. विद्यार्थिदशेतच चित्रकलेची ओढ लागली होती आणि सेझान या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. १९७३ साली ते मुंबईत आले आणि १९७५ पासून ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. तो व्यवसाय त्यांनी २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, सांभाळला. त्यानंतरच ते पूर्णवेळ चित्रकार झाले.

क्ष-किरणतज्ज्ञाचे काम म्हणजे एका अर्थी उजेड वाचण्याचेच काम. हाडे किरणांना अडवतात, म्हणून फिल्मवर पांढरी दिसतात. फुप्फुसांत हवा असते, म्हणून ती काळी दिसतात. या दोहोंमधल्या करड्या छटांत दुखणे लपलेले असते आणि ते शोधायला घाईची नजर उपयोगाची नसते. शिवाय या खोलीत येणारा माणूस कोणत्याही थरातला असतो. कारखान्यातला कामगार, भाजीवाली, कारकून, दुकानदार यांपैकी प्रत्येक जण देह घेऊन येतो आणि देहाबरोबर थकवा व भीतीही आणतो. पटवर्धनांच्या चित्रांतील माणसे इतकी भरीव आणि वजनदार का वाटतात, याचे एक उत्तर या तीस वर्षांत सापडते.

ज्यांची चित्रे, त्यांना ती आपली वाटावीत

१९७९ साली दिल्लीच्या ‘आर्ट हेरिटेज’ या कलादालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. १९८१ साली ‘प्लेस फॉर पीपल’ हे गाजलेले प्रदर्शन मुंबईत व दिल्लीत झाले. त्यात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन असे सहा चित्रकार होते. अमूर्त चित्रकलेचा तेव्हा मोठा दबदबा होता. अशा काळात माणूस, त्याचे घर, त्याचा रस्ता आणि त्याची गोष्ट चित्रात पुन्हा आणण्याचे काम या मंडळींनी केले.

पटवर्धनांनी त्या वेळी स्वतःसमोर एक अवघड कसोटी ठेवली होती. आपण ज्यांना रंगवतो, त्या कष्टकरी माणसांना चित्रात स्वतःची ओळख पटली पाहिजे. चित्र त्यांच्याविषयी असावे, एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. ते त्यांनाही आपले वाटावे, असा त्यांचा आग्रह होता. डाव्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता, तरी त्यांच्या चित्रांत घोषणा नाही. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०), ‘ओव्हरब्रिज’ (१९८१) ही नावेच पाहावीत. हॉटेल, लोकलचा डबा, रेल्वेचा पूल या आपल्या रोजच्या वहिवाटीच्या जागा. तेथे बसलेला, उभा राहिलेला किंवा चालणारा माणूस हाच चित्राचा नायक. त्याच्या चेहऱ्यावर ना दया मागणारे भाव असतात, ना वीरश्री.

पुढे पुढे एकेका माणसाची जागा संपूर्ण वस्तीने घेतली. ‘टाउन’ (१९८४) या चित्रात शहर होऊ पाहणाऱ्या गावाचा विस्तार एकाच नजरेत येतो. ‘नल्ला’ (१९८५) हे चित्र नाल्याचे, तर ‘पोखरण’ (१९९१) हे ठाण्याच्या त्याच नावाच्या परिसराचे. नाल्याचे चित्र कोणी काढावे आणि ते कलादालनात लावावे, ही गोष्टच अनेकांना नवल वाटण्याजोगी होती. पण शहरातील लाखो माणसांच्या दारासमोरचे दृश्य तेच असेल, तर चित्रकाराने ते का टाळावे?

‘लोअर परळ’ (२००१) हे त्यांचे एक महत्त्वाचे चित्र. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे कधीच राहिले नाही. चिमण्या थंड पडल्या आणि त्या जमिनींवर कचेऱ्या व मनोरे उभे राहिले. पटवर्धनांनी हे संक्रमण मोठ्या कॅनव्हासवर मांडले. हे चित्र एका जागी उभे राहून काढलेल्या छायाचित्रासारखे नाही. पुलावरून, खालून आणि बाजूने दिसणारी दृश्ये त्यात एकत्र गुंफली आहेत. पाहणाऱ्याची नजर त्यातून फिरत राहते, जसे आपण वस्तीतून चालत जातो. २०१४ साली पूर्ण झालेल्या ‘मुंबई प्रॉव्हर्ब्ज’ या सात फलकांच्या भव्य चित्रात तर त्यांनी या शहराची अनेक दशकांची कहाणीच रचली.

भर दुपारचा उजेड

शहराचा उजेड म्हटला की अनेक चित्रकारांना पावसात ओल्या रस्त्यावर पडलेले दिव्यांचे प्रतिबिंब किंवा संध्याकाळचे सोनेरी ऊन आठवते. ती चित्रे दिवाणखान्यात शोभतात, त्यांत वावगे काही नाही. पटवर्धनांचा उजेड बहुधा वेगळा असतो. तो धुळीत मिसळलेला, सर्वांवर सारखा पडणारा, कामाच्या वेळेचा उजेड आहे. सिमेंटची भिंत, पत्र्याचे छप्पर, दूरचा डोंगर आणि समोरचा माणूस या सर्वांना तो एकाच मापाने मोजतो. त्यात लपायला जागा नसते आणि कोणी उगाच उजळूनही निघत नाही.

या प्रामाणिकपणाची कात्री त्यांनी स्वतःवरही चालवली. आपण सुशिक्षित आणि सुखवस्तू. मग कष्टकऱ्यांचे चित्र काढण्याचा आपला अधिकार काय, हा प्रश्न त्यांना पडत राहिला. त्यांच्यावरील रणजित होस्कोटे यांच्या २००४ सालच्या पुस्तकाचे नाव ‘द कॉम्प्लिसिट ऑब्झर्व्हर’ असे आहे. जे दिसते त्यात स्वतःही सामील असलेला निरीक्षक, असा त्याचा आशय. गल्ल्यावर बसून रस्ता पाहणाऱ्या प्रत्येकाला हे लागू पडते. बाजार बदलतो तो आपल्यासमोर, आणि काही अंशी आपल्याच हातून.

हिशेबाची बाजू

व्यापारी घरांत हा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो : ‘चित्रे काढून पोट भरते का?’ प्रश्न कठोर आहे, पण अवास्तव नाही. पेढी उभी करायला तीन पिढ्या लागलेल्या असतात आणि मुलगा किंवा मुलगी रंगांच्या मागे लागली की आईवडिलांची झोप उडते. पटवर्धनांचे आयुष्य या प्रश्नाला एक विचार करण्याजोगे उत्तर देते. त्यांनी व्यवसाय सोडला नाही आणि व्यवसायापायी कलाही सोडली नाही. घर दवाखान्यावर चालत होते. म्हणून नाला रंगवायचा की कमळ, हे गिऱ्हाइकाने ठरवण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. जमेच्या बाजूला स्वातंत्र्य मांडले गेले. खर्चाच्या बाजूला सुट्ट्या आणि विश्रांती.

मात्र या हिशेबाचा चुकीचा अर्थ काढू नये. ‘आधी धंदा, मग उरल्यासुरल्या वेळेत छंद’ असे सांगून मुलांची समजूत घालायला हे उदाहरण उपयोगाचे नाही. उरलेला वेळ त्यांनी कधी उरलासुरला मानला नाही. तीस वर्षे दोन कामे सारख्याच निष्ठेने केली, म्हणून छप्पन्नाव्या वर्षी एक काम थांबवल्यावर दुसरे पूर्ण ताकदीने पुढे गेले. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ या नावाने त्यांचे मोठे सिंहावलोकन प्रदर्शन भरले. त्याची मांडणी नॅन्सी अदजानिया यांनी केली होती.

कला मोठ्या शहरांतील मूठभर दालनांत अडकून राहू नये, यासाठीही त्यांनी कष्ट घेतले. २००८-०९ च्या सुमारास समकालीन भारतीय चित्रांचे एक फिरते प्रदर्शन त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत गेले. ज्यांनी मूळ चित्र कधी जवळून पाहिले नव्हते, अशांच्या गावात ते नेऊन लावणे आणि त्यावर त्यांच्याशी बोलणे, हा त्यामागचा हेतू होता.

आता आपल्या दारात

चाळीस वर्षांपूर्वी ‘टाउन’ रंगवले गेले तेव्हा ठाण्याची जी अवस्था होती, ती आज पालघर पट्ट्याची आहे. १९६९ साली तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचे एक स्थानक बोईसरला होत आहे आणि डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. जमिनींचे भाव, नव्या इमारती, दुकानांचे गाळे यांची चर्चा आपल्या प्रत्येक बैठकीत होते. कौलारू घरांच्या ओटीवरची दुकाने, आठवडी बाजारात ताडपत्री पसरून बसलेल्या बायका, वाडीकडे जाणारी पायवाट यांची नोंद मात्र कोणत्याही चोपडीत होत नाही. ती जातील तेव्हा ती कशी होती, हे नातवंडांना कशावरून दाखवायचे?

त्यासाठी प्रत्येकाने चित्रकार व्हावे असे नाही. काळबादेवी किंवा मंगलदास मार्केटमधील काम लवकर आटोपले, तर तासभर काढून काळा घोड्याला जावे. जहांगीर कलादालन १९५२ पासून तेथे आहे, आत जायला तिकीट नाही. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय त्याच्या जवळच आहे. बरोबर मुलांना न्यावे. एखाद्या चित्रासमोर घाई न करता उभे राहावे आणि मुलाला विचारावे, यात आपल्या गावासारखे काय दिसते?

संध्याकाळच्या गाडीने परतताना वैतरणेच्या पुलावर उजेड पुन्हा पाण्यावर उतरलेला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी माकुणसारच्या दुकानाचे शटर वर जाईल, तेव्हा समोरचा रस्ता कालचाच असेल. दुधाच्या किटल्या घेऊन सायकलवरून जाणारा माणूस, शाळेची मुले, रिक्षाची वाट पाहणारी म्हातारी आणि त्या सर्वांवर सारखे पडलेले ऊन. पहिले गिऱ्हाईक येण्यापूर्वीची ती दोन मिनिटे त्याकडे पाहण्यात गेली, तर दिवसाच्या हिशेबात काही तूट येणार नाही.